हेड इन्ज्युरीच्या पेशंटचा जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) एकाच पॉइंटने उतरला तर रात्री २ वाजता डॉक्टरांना उठवायचं का?

नाइट_ड्यूटी_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम नर्स, चार वर्षं मेडिकल आयसीयू केलं, तिथे सेप्सिस, विषबाधा, साप चावलेले सगळे पेशंट बघितलेत त्यामुळे व्हेंटिलेटरची भीती नाही. दोन महिन्यांपूर्वी मला न्यूरो-ट्रॉमाच्या बाजूला टाकलं आणि ट्रेनिंग म्हणजे दोन दिवस सीनियरच्या मागे फिरले एवढंच. आमचं जिल्ह्याच्या गावातलं हॉस्पिटल आहे, सीटी आहे, न्यूरोसर्जन कॉलवर येतात, आयसीपी (डोक्याच्या आतलं प्रेशर) मॉनिटर नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तरुण मुलगा, बाइकवरून पडलेला, हेल्मेट नव्हतं. उजव्या बाजूला कंट्यूजन (मेंदूला मुका मार) आणि बारीक सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली रक्त), सर्जन म्हणाले आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवा, सकाळी सीटी रिपीट करू. ट्यूब टाकलेली, सिडेशनसाठी मिडॅझोलॅम आणि फेन्टॅनिल पंपावर. संध्याकाळच्या सिस्टरने ओव्हर दिला (ड्यूटी बदलताना पेशंट सोपवला) तेव्हा चार्टवर जीसीएस ई२ व्हीटी एम५, म्हणजे डोळे २, बोलणं ट्यूबमुळे मोजता येत नाही, हातपायांची हालचाल ५. मी १० वाजता बघितलं तर मला तसंच वाटलं. १२ वाजताही तेच लिहिलं. २ वाजता बोटाच्या नखावर दाबलं तर उजवा हात नुसता मागे घेतला, डावा त्याहून कमी हलला. मी एम४ लिहिलं, मनात आलं की सिडेशनमुळे असेल, एकच पॉइंट तर उतरलाय, आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) नुकतेच झोपायला गेलेत, तासाभराने परत बघू. ३ वाजता शेजारच्या बेडला अरेस्ट आला, त्यात सगळे गुंतलो. ४ वाजता टॉर्च मारला तर उजवी प्युपिल (डोळ्याची बाहुली) ५ एमएम आणि सुस्त, डावी ३. पल्स ९२ होता तो ५६, बीपी १२८/७६ होतं ते १८२/८४. मग फोन, मॅनिटॉल (डोक्यातलं प्रेशर उतरवायचं औषध), सीटी, कंट्यूजन वाढलेलं, पहाटे ओटीत नेऊन कवटीचं हाड काढलं. मुलगा जिवंत आहे, आज सहावा दिवस.

मला कोणी काही बोललं नाही. पण मला ते २ वाजताचं एम४ डोळ्यांसमोरून जात नाही, घरी आल्यावर झोप लागत नाही. तेव्हाच फोन करायला हवा होता का? सिडेशनने उतरलं की मेंदूने उतरलं हे कसं ओळखायचं? आणि आयसीपी मॉनिटर नसलेल्या ठिकाणी सिस्टरने तासातासाला नक्की काय काय बघायचं? पुस्तकातली यादी नको, तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते सांगा प्लीज.

जुनी_सिस्टर

बाळा, आधी सरळ उत्तर देते कारण तू सरळ विचारलंयस. हो, २ वाजता फोन करायला हवा होता. मोटर एका पॉइंटने उतरला आणि एक बाजू दुसरीपेक्षा कमी हलायला लागली, एवढ्यावर कुणालाही उठवायचं, सर्जनला सुद्धा. पण हेही ऐक, ४ वाजता तू पकडलंस म्हणून तो आज बेडवर आहे. चार्टवर नुसती जुनी ओळ उतरवून ठेवणाऱ्याला ४ वाजताही काही दिसलं नसतं. १९ वर्षं सरकारी ट्रॉमा आयसीयूत काढल्यात, माझ्याही पहिल्या वर्षातली अशी एक रात्र आहे, ती मला अजून तारखेसकट आठवते.

आता कामाचं. जीसीएस १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी काढला तो मुळी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी बघितलं तरी एकच भाषा बोलता यावी म्हणून, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच गडबड होते. तुझ्या संध्याकाळच्या सिस्टरने एम५ कसा काढला हे तुला माहीत आहे का? तिने कुठे दाबलं होतं? एम४ आणि एम५ मधला फरक हा दाबण्याच्या जागेचा पण आहे. नखावर दाबलंस तर पेशंट फार तर हात मागे ओढेल, ते एम४. एम५ बघायचा तर वर दाबायचं, मानेजवळचा ट्रॅपेझियस चिमटीत धरून किंवा भुवईच्या आतल्या टोकाच्या खाचेवर अंगठ्याने, आणि हात कॉलरबोनच्या वर त्या जागेकडे येतो का ते बघायचं. तो आला तर एम५. चेहऱ्याचं हाड मोडलं असेल तर भुवईवर दाबायचं नाही. म्हणजे एक सिस्टर वर दाबते आणि दुसरी नखावर, पेशंट तोच आणि आकडे दोन, आणि मग खरा फरक पडतो तेव्हा आपल्याला वाटतं की हे नेहमीचंच मागेपुढे आहे. तुझ्या बाबतीत हेच झालंय असं मला वाटतं.

म्हणून माझ्या वॉर्डात एकच नियम कडक आहे. हेड इन्ज्युरीचा ओव्हर टेबलावर बसून घ्यायचा नाही. जाणारी आणि येणारी दोघींनी बेडजवळ उभं राहून एकत्र जीसीएस काढायचा, एकत्र प्युपिल बघायच्या, आणि कुठे दाबलं तेही चार्टवर लिहायचं. दोन मिनिटं लागतात. जाणारीला घरी जायची घाई असते, बस चुकते, मला सगळं कळतं, तरी हे सोडायचं नाही.

छातीचं हाड बोटांनी घासायची सवय असेल तर मोडून टाका, काळेनिळे डाग पडतात, नातेवाईक विचारतात याला मारलं का, आणि त्यातून एम४-एम५ नीट कळतही नाही.

दुसरी गोष्ट, स्कोअरमध्ये चांगल्या बाजूचा आकडा धरतात. उजवा हात एम५ आणि डावा एम३ असेल तर लिहायचं एम५च. म्हणजे डावी बाजू गळत चालली तरी टोटल जशीच्या तशी राहू शकते. म्हणून चारही हातपायांची ताकद वेगळी लिहायची, दर वेळी. तुझ्या पेशंटला उजवीकडे मार, तर डावा हात कमी हलणं हीच पहिली हाक होती, आणि प्युपिल मोठी झाली ती मात्र उजवी, त्याच बाजूची, कारण सुजलेला मेंदू खाली सरकताना त्या बाजूची तिसरी नस दाबतो. हे एकदा डोक्यात बसलं की सीटी न बघताही कोणत्या हातावर जास्त लक्ष ठेवायचं ते कळतं.

ट्यूब असेल तर व्हर्बलला टी लिहायचं, १ लिहून टोटल मारायची नाही. डोळे सुजून बंद असतील तर सी. आकडे नेहमी सुटे सांगायचे, फोनवर पण. जीसीएस ८ आहे म्हणण्यापेक्षा एम५ चा एम४ झाला आणि डावा हात कमी झाला म्हटलं की झोपेतला डॉक्टर पण उठून बसतो.

आणि भाषा. आमच्याकडे यंत्रमागावरचे तेलुगु बोलणारे कामगार येतात, सीमेकडून कन्नड बोलणारे येतात, ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडी-ट्रॅक्टरचे अपघात येतात. एका पेशंटला आम्ही दोन दिवस एम५ लिहीत होतो कारण मराठीत हात वर कर म्हटलं की तो काहीच करायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, तेलुगुत काहीतरी बोलली आणि त्याने सरळ हात वर केला. तेव्हापासून ॲडमिशनच्या कागदावर घरी कोणती भाषा बोलतात ते मी स्वतः विचारून लिहिते. आणि माझा हात दाब एवढंच सांगून एम६ (सांगितलेलं करतो) देऊ नका, हातात बोट दिलं की आपोआप मूठ वळते, सोड म्हटल्यावर सोडतो का ते बघा, नाहीतर जीभ दाखव, दोन बोटं दाखव सांगा.

सिडेशनचं म्हणशील तर, सिडेशनने माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच ढिला होतो. एक बाजू कमी होत नाही. फेन्टॅनिलने प्युपिल बारीक होतात पण दोन्ही. पंपाचा रेट १० वाजल्यापासून वाढवलेला नसेल तर २ वाजता सिडेशनला दोष देता येत नाही.

पुण्याचा_ब्रदर

ताईंनी सगळं मुद्द्याचं सांगितलंय. मी मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरो आयसीयूत आहे, आमच्याकडे आयसीपी मॉनिटर आणि ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढायची नळी) दोन्ही असतात, तर तो आकडा रोज डोळ्यांसमोर बघून जे शिकलो ते सांगतो, कारण तुमच्याकडे आकडा दिसत नसला तरी आत तेच चाललेलं असतं.

कवटी म्हणजे बंद डबा. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त, १० टक्के सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी). सूज आली की आधी सीएसएफ आणि शिरेतलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं, तोवर आकडा फारसा हलत नाही. ती जागा संपली की मग थोड्याशा सुजेने पण आकडा उडी मारतो. म्हणूनच पेशंट तासन्‌तास ठीक असतो आणि मग अर्ध्या तासात बिघडतो. नॉर्मल १५ च्या आत, २२ च्या वर गेला आणि टिकून राहिला की ट्रीटमेंट. आणि मेंदूला मिळणारं प्रेशर म्हणजे एमएपी (सरासरी बीपी) वजा आयसीपी, ते ६० ते ७० ठेवायचं. एमएपी ८० आहे म्हणून आपण खुश, पण आत ३० असेल तर मेंदूला ५०च मिळतंय.

माझ्या पहिल्या महिन्यात एका पेशंटचा आयसीपी १४ वरून हळूहळू ३१ वर गेला. सिडेशन वाढवलं, काही नाही. मॅनिटॉल आणायला पाठवलं. तेवढ्यात आमच्या इन्चार्ज सिस्टर आल्या, त्यांनी आधी पेशंटच्या मानेमागे हात घातला. ईटी ट्यूब बांधायची पट्टी कुणीतरी नवीन बांधली होती ती इतकी घट्ट की बोट आत जाईना. ती सैल केली, डोकं सरळ मधोमध केलं, पाच मिनिटांत १७. मानेच्या शिरा दाबल्या की डोक्यातलं रक्त उतरत नाही, एवढं साधं. आता मी ड्यूटीवर आलो की पहिलं काम म्हणजे मानेमागे बोट घालून बघतो, कॉलर असेल तर कॉलरखाली पण. बेड ३० डिग्री वर, पेशंट खाली घसरून कमरेत दुमडलेला नको, पोट दाबलं गेलं की डोक्यातलं प्रेशर पण वाढतं. मणक्याचा मार क्लिअर झालेला नसेल तर पाठ न वाकवता सगळा बेडच डोक्याकडून वर करायचा.

मग सक्शन (नळीने कफ ओढणं). गरज असेल तेव्हाच, दोन तासांनी म्हणून दोन तासांनी नाही. आधी १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर आत १० सेकंदांच्या वर नाही, दोनदापेक्षा जास्त नाही. सक्शन, तोंड धुणं, कूस बदलणं, चादर बदलणं हे सगळं एका दमात उरकायची आपल्याला सवय असते, मेडिकल आयसीयूत ते बरोबर पण आहे कारण पेशंटला मग झोपू देता येतं. इथे उलट. प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो आणि खाली यायला वेळ लागतो, सगळं लागोपाठ केलं की तो खाली येतच नाही. एक करा, थांबा, पल्स-बीपी जागेवर येऊ द्या, मग दुसरं.

नाकातून किंवा कानातून पाणी येतंय, डोळ्यांभोवती काळं झालंय, कानामागे निळं पडलंय, तर कवटीचा तळ मोडलाय असं धरायचं. नाकातून रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) नाही, नाकातून सक्शन नाही, तोंडातून टाकायची. नाकात कापूस कोंबायचा नाही, खाली गॉज ठेवून वाहू द्यायचं.

ईव्हीडी कधी लावला तर झिरो कानाच्या ट्रेगसच्या (कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याच्या) लेव्हलला, आणि बेड वरखाली केला की दर वेळी परत लेव्हल. हलवताना क्लॅम्प, हलवून झालं की क्लॅम्प उघडायचा. दोन्ही चुका जीवघेण्या. सीएसएफ तासाला साधारण २० एमएल बनतं, म्हणजे बॅगेत अचानक खूप आलं तरी घाबरायचं आणि एकदम थांबलं तरी.

ट्यूबवाल्या पेशंटसाठी फोर स्कोअर पण बघून ठेवा, २००५ साली मेयो क्लिनिकमधून आला. त्यात बोलण्याचा भागच नाही, त्याऐवजी प्युपिल-कॉर्निया-खोकला आणि श्वासाची पद्धत बघतात. आम्ही दोन्ही लिहितो.

नाइट_ड्यूटी_सिस्टर

ताई, तुम्ही सरळ सांगितलंत त्याबद्दल खरंच थँक्यू. इतके दिवस सगळे तुझी चूक नाही तुझी चूक नाही म्हणत होते आणि त्याने उलट जास्त त्रास होत होता. संध्याकाळच्या सिस्टरला विचारलं, ती भुवईवरच दाबते. मी कायम नखावर. म्हणजे १० आणि १२ वाजता मी जे एम५ लिहिलं ते मी बघितलेलं नव्हतंच, तिचंच पुढे ओढलं.

दादा, मानेमागे बोट घालायचं आजपासून.

अजून दोन गोष्टी. त्या रात्री बीपी १८२ बघून आरएमओ म्हणाले लॅबेटॅलॉल (बीपी उतरवायचं इंजेक्शन) काढून ठेवा, सर्जन फोनवर नको म्हणाले, ते का? आणि आमच्याकडे हेड इन्ज्युरी म्हटलं की सगळ्यांनाच १०० एमएल मॅनिटॉल आठ तासांनी लागतं, दुसऱ्या दिवशी लघवी इतकी होते की कळत नाही हे मॅनिटॉलमुळे की दुसरं काही.

भूलवाले_डॉक्टर

सिस्टर, मी भूलतज्ज्ञ, आयसीयू बघतो. आधी वरच्या एका मुद्द्यात थोडी भर. सिडेशनचा रेट वाढवला नाही म्हणून ते सिडेशन नाहीच असं म्हणता येत नाही, मिडॅझोलॅम शरीरात साठत जातं, किडनी-लिव्हर मंद असेल तर तोच रेट तिसऱ्या दिवशी जास्त झोपवतो. पण सिस्टरांचा निष्कर्ष बरोबर आहे. उतरलेला जीसीएस हा सीटी होईपर्यंत मेंदूचाच धरायचा, सिडेशनवर ढकलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि ते ठरवायचं काम माझं आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त फोन करा. मला रात्री दहा वेळा विनाकारण उठवलेलं चालेल.

प्युपिलबद्दल एक. एका बाजूची मोठी दिसली की फोन आधीच करा, पण फोन करता करता बघा की नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम चाललंय का आणि मास्क किंवा टी-पीसची वाफ एका डोळ्यावर जातेय का, त्याने तेवढी एकच प्युपिल मोठी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, डोळ्यालाच मार लागलेला, हे ॲडमिशनलाच लिहून ठेवायचं. टॉर्च साधा पेन टॉर्च, खोलीतला दिवा मंद करून, बाजूने आणायचा.

आता लॅबेटॅलॉल. डोक्यात प्रेशर इतकं वाढलंय की रक्त वर चढत नाही, म्हणून शरीर स्वतःहून बीपी वाढवून मेंदूला रक्त पोचवायला झगडतंय. त्या क्षणी बीपी पाडलं तर आयसीपी तेवढाच आणि एमएपी कमी, म्हणजे मेंदूला मिळणारं प्रेशर कोसळतं. बीपी वर, पल्स खाली, श्वास अनियमित, हे तिन्ही दिसायला लागलं म्हणजे फार उशीर झालाय, त्याची वाट बघायची नाही. उपाय डोक्यातलं प्रेशर कमी करण्याचा, बीपीचा नाही. उलट या पेशंटमध्ये मी सगळ्यात जास्त घाबरतो ते कमी बीपीला. सिस्टॉलिक एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. तरुण पेशंटमध्ये ११० च्या खाली येऊ देऊ नका. मोडलेली मांडी, पोटातला रक्तस्राव, प्लीहा फाटलेली, हे डोक्याच्या नादात सुटतं. डोक्याच्या आतल्या रक्तस्रावाने मोठ्या माणसाचं बीपी पडत नाही, बीपी पडलं तर दुसरीकडे शोधा.

मॅनिटॉल सगळ्यांना ठरावीक वेळेने द्यावं असं मला पटत नाही. प्रेशर वाढल्याची लक्षणं असतील किंवा सीटीत तसं दिसत असेल तर ०.२५ ते १ ग्रॅम प्रति किलो. २० टक्क्यांच्या १०० एमएलमध्ये २० ग्रॅम असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला अर्धा ग्रॅम धरला तरी १५० एमएल लागतं, आणि ते १५-२० मिनिटांत जायला हवं, तासभर थेंब थेंब सोडून उपयोग नाही. थंडीत बाटलीत खडे होतात, उजेडात धरून बघा, खडे असतील तर ती देऊ नका. कॅथेटर हवाच. बीपी कमी असेल तर मॅनिटॉल नको, तिथे ३ टक्के सलाईन बरं.

लघवी. मॅनिटॉलनंतर दोन-तीन तास भरपूर होते, मग उतरते. पण तासाला २५०-३०० एमएल सलग होतेय, पाण्यासारखी पांढरी, आणि सोडियम चढत चाललंय, तर डायबेटिस इन्सिपिडस असू शकतं, पिट्युटरीचं हार्मोन बंद पडलेलं. तेव्हा लगेच सांगा, कारण काही तासांत पेशंट कोरडा पडतो आणि मग बीपी. म्हणून दिवसाची टोटल सकाळी ६ ला मारून चालत नाही, लघवी तासाची तासाला लिहा.

सगळ्यात जास्त हातून होणारी चूक सांगतो. पेशंट बिघडला की घाबरून अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) जोरजोरात दाबतात. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आयसीपी कमी होतो खरा पण मेंदूचं रक्तच तुटतं. कार्बन डायऑक्साइड साधारणपणे ३५ ते ४० मध्ये ठेवायचा. हर्निएशन (दाबाने मेंदू खाली सरकणं) समोर दिसतंय तर ओटीपर्यंत थोडा वेळ ३०-३५ वर नेतो, ते डॉक्टर शेजारी उभा असताना. सीटीला नेताना कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर काढून ठेवू नका.

आणि डेक्सामेथासोन. अजून काही ठिकाणी सूज उतरावी म्हणून लिहितात. २००४ च्या क्रॅश ट्रायलमध्ये १० हजारांवर हेड इन्ज्युरीचे पेशंट होते, स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. ट्यूमरच्या सुजेला ते चालतं, माराला नाही. ऑर्डर दिसली तर विचारा, विचारण्यात काही चूक नाही.

आयसीपी मॉनिटर नाही म्हणून खचू नका. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये ३२४ पेशंटवर झालेली तुलना २०१२ साली छापून आली, एका गटाला मॉनिटर, दुसऱ्याला ठरवून दिलेली वारंवार तपासणी आणि सीटी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक निघाला नाही. पण त्या दुसऱ्या गटात तपासणी खरोखर काटेकोर होती, ती आपल्याकडे होते का हा प्रश्न आहे.

रत्नागिरीकर

मी नर्स नाही, थ्रेड शोधताना सापडला. माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी असाच २३ दिवस आयसीयूत होता. तुम्ही हे सगळं एकमेकांना सांगताय ते वाचून अंगावर काटा आला, आम्हाला बाहेर बाकावर बसून आत काय चाललंय याची काही कल्पना नव्हती. डॉक्टर म्हणायचे ७२ तास काही सांगता येत नाही, परत ७२ तास.

एक सिस्टर होत्या, त्या रोज भेटीच्या वेळी एकच गोष्ट सांगायच्या पण नक्की. आज ताप नाही. आज स्वतःहून खोकला. आज डाव्या पायाला दाबलं तर पाय ओढला. त्यावर आम्ही दिवस काढायचो. त्यांनीच आईला सांगितलं की रडायचं असेल तर बाहेर रडून या आणि आत आलात की त्याला घरात ज्या नावाने हाक मारता त्या नावाने बोला, हळू आवाजात, एकाच माणसाने. डोळे पहिल्यांदा उघडले ते आईच्या हाकेला.

पुढचं पण कुणीतरी सांगायला हवं होतं. शुद्ध यायला लागली तेव्हा तो शिव्या द्यायचा, नळ्या ओढायचा, आईला ओळखायचा नाही, हात बांधलेले बघून बाबा डॉक्टरांवर धावून गेले. हा बरा होण्यातलाच टप्पा असू शकतो हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. ताई, तुमच्या त्या मुलाच्या घरच्यांना हे सांगून ठेवा.

जुनी_सिस्टर

रत्नागिरीकर, बरं झालं लिहिलंत. हात बांधण्याबद्दल, आमच्याकडे आता आधी कारण शोधतो, लघवी तुंबलीय का, ऑक्सिजन कमी झालाय का, शुगर, ताप, पोट साफ नाही का, दुखतंय का. मग हातात मऊ मिटन घालतो. बांधायची वेळ आलीच तर नातेवाइकांना आधी सांगून, आणि दर थोड्या वेळाने सोडून हात बघतो. बांधलेला माणूस जास्त जोर करतो आणि जोर केला की डोक्यातलं प्रेशर वाढतं.

डॉक्टरसाहेब, मिडॅझोलॅमचं तुमचं मान्य. मी रेटचं सांगितलं ते अर्धंच होतं.

आणि बाळा, ताप विसरू नकोस. ३८ च्या वर गेला की पॅरासिटामॉल, पंखा, कोमट पाण्याने पुसणं, पण थंडीने कापायला लागला तर थांब, कापण्याने परत वाढतं. शुगर आठ-दहा वेळा बघितली तरी चालेल, कमी झालेली या मेंदूला अजिबात सोसत नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली कुणी लावली असेल तर विचार. पोट साफ ठेव, कुंथलं की वाढतं. डोळे उघडे राहत असतील तर ल्युब्रिकंट आणि झाकून ठेव, जीव वाचला आणि कॉर्निया गेला असे दोन पेशंट मी बघितलेत, त्यातला एक शिवणकाम करणारा होता.

नाइट_ड्यूटी_सिस्टर

आठवड्याने लिहितेय. इन्चार्जना सांगून आमच्या चार बेडपुरता ओव्हर बेडजवळ घ्यायला सुरुवात केलीय, चार्टवर कुठे दाबलं त्याचा एक रकाना पेनाने आखलाय. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, पुण्याला जायची शेवटची एसटी ८ ची असते, मग आम्ही ड्यूटीवर येणाऱ्यांनीच दहा मिनिटं लवकर यायचं ठरवलं.

परवा एका बाईंचा एम५ चा एम४ झाला, उजवा पाय पण कमी. मी रात्री १:२० ला फोन केला. सीटीत फार काही नव्हतं, सोडियम १२४ निघालं. आरएमओ काही बोलले नाहीत, सर्जन म्हणाले बरं केलंस.

त्या मुलाची ट्रेकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासाची नळी) झाली, हाकेला डोळे उघडतो, उजव्या हाताने बोटं दाखवतो, डावा हात अजून जड आहे. त्याच्या आईला रत्नागिरीकरांचं सगळं सांगितलं. काल त्याने तिला ढकललं तर ती मला म्हणाली, सिस्टर, तुम्ही म्हणाला होतात तेच ना हे.

एकच विचारायचं राहिलं. त्याचं उजव्या बाजूचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. कूस बदलताना त्या बाजूवर नको हे आम्हाला माहीत आहे, पण रात्री मावशी आणि मामा असतात, फिजिओवाले येतात, एक्स-रेवाले येतात.

जुनी_सिस्टर

ड्रेसिंगवरच मार्करने मोठ्या अक्षरात मराठीत लिही, "इथे हाड नाही". बेडच्या उशाला पण तसाच कागद चिकटव आणि बाण काढ. पोटावर जिथे हाड ठेवलंय तिथे "इथे हाड आहे, इंजेक्शन नको" असं लिही, नाहीतर हेपॅरिन द्यायला कुणीतरी नेमकी तीच जागा निवडतं. डोक्याची ती जागा रोज हलक्या बोटांनी बघ, खोलगट आहे की फुगलीय की घट्ट झालीय, आणि तेही ओव्हरला दोघींनी बघायचं. बसवायला लागलात की मामांना सांग, हेल्मेट घातल्याशिवाय खुर्चीत नाही.

नाइट_ड्यूटी_सिस्टर

मार्कर आणलाय ताई. आज रात्रीच लिहिते.